ठेवणीतला वाडगा

हस्तकलांवरच्या एका इंग्रजी निबंधाचा अनुवाद करत होते. त्यात ‘फंक्शनल आर्ट’ हे दोन शब्द पुन्हा पुन्हा येत होते आणि मराठीत त्यांना जागा सापडत नव्हती. ‘उपयोजित कला’ हा रुळलेला शब्द आहे, पण तो ऐकला की जाहिराती आणि छपाई डोळ्यांसमोर येते. ‘उपयुक्त कला’ म्हटलं की शाळेतला कार्यानुभवाचा तास आठवतो. ‘वापरायची कला’ म्हणावं, तर कला कशी वापरायची ते शिकवणारं पुस्तक असावं असं वाटतं. शेवटी एक अख्खं वाक्य लिहून वेळ मारून नेली. पण तेव्हा लक्षात आलं की मराठी घरात वस्तूंची वाटणी फार पूर्वीच होऊन गेली आहे आणि शब्द त्या वाटणीप्रमाणे बसले आहेत.

एक शोभेची वस्तू, एक वापरातली. शोभेची दिवाणखान्यात काचेआड, वापरातली मांडणीवर किंवा ओट्यावर. या दोघींच्या मधे आपण तिसरा एक शब्द ठेवला आहे : ठेवणीतली. ठेवणीतली साडी, ठेवणीतल्या कपबश्या. ठेवणीतली वस्तू वापरायचीच असते, फक्त आज नाही. ती प्रसंगाची वाट पाहत असते, आणि आलेला प्रसंग पुरेसा मोठा आहे की नाही हे ठरवणारं माणूस घरात बहुधा एकच असतं.

माझ्या घरी एक लाकडी वाडगा आहे. तो या तिन्हींपैकी कोणत्या खान्यात बसवायचा, हा प्रश्न मला गेली काही वर्षं पडलेला आहे. चांगल्या हातानं वापरासाठी घडवलेली वस्तू न वापरता जपणं हा तिचा मान की अपमान? प्रश्न छोटा आहे आणि वाडगाही छोटाच आहे, दोन ओंजळी शेंगदाणे मावतील एवढा. पण या प्रश्नाचा माग काढत गेलं की तो वाडग्यापाशी थांबत नाही.

वाडगा माझ्या मावसभावानं केला. तो अमेरिकेत मिनेसोटात राहतो. निवृत्त झाल्यावर गराजमध्ये लेथ घेऊन बसला. लाकूड फिरतं ठेवून त्याला धारदार हत्यार लावण्याच्या या कामाला मराठीत कातणं म्हणतात. सूत कातणं आणि लाकूड कातणं या दोन्हींना क्रियापद एकच. ते काम करणारा तो कातारी. आता हा शब्द बोलण्यातून जवळजवळ गेला, त्याचं ‘कातीव’ हे विशेषण तेवढं मूर्तीच्या नाकाडोळ्यांसाठी उरलं. गुजरातीत लेथला संघेडो म्हणतात. मी राहते त्या वडोद्यापासून फार लांब नसलेल्या संखेडा गावाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. तिथले खरादी लोक सागाच्या कातलेल्या दांड्यांवर लाखेचा रंग चढवून पाळणे, झोपाळे, खुर्च्या करतात. आमच्याकडच्या सावंतवाडीची लाकडी खेळणीही कातूनच होतात.

दादाचं काम या सगळ्यांपेक्षा एका बाबतीत वेगळं आहे. संखेड्याचा कारागीर लाकडाचा सबंध तुकडा घेतो आणि कातत जातो. दादा आधी तुकडे करतो. अमेरिकेत या प्रकाराला ‘सेगमेंटेड टर्निंग’ म्हणतात. हौशी आणि व्यावसायिक कातणाऱ्यांची तिथली मोठी संघटना, अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स, 1986 साली स्थापन झाली. तुकडे जोडून कातण्याला वाहिलेली माणसं तिच्यात पुष्कळ आहेत. माल्कम टिबेट्स यांचं 2004 सालचं ‘द आर्ट ऑफ सेगमेंटेड वुड टर्निंग’ हे पुस्तक दादाच्या कामाच्या टेबलावर भुशानं माखून पडलेलं असतं.

कृती सांगायला सोपी आहे. 12 तुकड्यांचं एक कडं करायचं, तर प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं 15 अंशांत तिरकी कापायची. अशी 24 टोकं होतात, ती जुळली की 360 अंश भरतात. कापताना प्रत्येक टोकाला अंशाच्या दहाव्या हिश्श्याइतकी चूक राहिली, तर कडं पुरं होताना ती साठून 2.4 अंशांची फट होते. अशी कडी सरसानं जुळवायची, घासून सपाट करायची आणि एकावर एक रचायची. रचताना गवंडी विटा ठेवतो तसे सांधे एकाआड एक यायला हवेत. लाकडाच्या तंतूंची टोकं जिथे समोरासमोर येतात तिथे सरस आत शोषला जातो आणि सांधा कच्चा राहतो. त्याला वरच्या आणि खालच्या थरातल्या अख्ख्या तुकड्यानं धरून ठेवायचं असतं. हे सगळं वाळलं की पायऱ्यापायऱ्यांचं एक ओबडधोबड भांडं तयार होतं. ते लेथवर चढतं आणि पुढच्या काही तासांत त्यातलं बरंचसं लाकूड भुगा आणि ढलप्या होऊन जमिनीवर पडतं. माझ्या वाडग्यात मेपल, वॉलनट आणि चेरी असे तीन रंग आहेत, 10 थर आहेत आणि मधल्या नक्षीच्या थरातले बारीक तुकडे धरून संख्या 200च्या आसपास जाते. मोठ्या कलावंतांच्या भांड्यांत हजारो तुकडे असतात. रे अ‍ॅलन यांनी अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या मूळ रहिवाशांच्या मातीच्या भांड्यांचे आकार आणि नक्षी अशा तुकड्यांत उतरवली. ज्या मडक्यांत धान्य साठवायचे त्यांची ही लाकडी रूपं संग्राहकांच्या कपाटांत आहेत, आणि त्यांत कोणी धान्य भरत नाही.

बुडाची एक वेगळी गोष्ट आहे. हवेतला ओलावा वाढला की लाकूड तंतूंना आडवं फुगतं, तंतूंच्या दिशेनं जवळजवळ फुगत नाही. कड्यातले तंतू गोलाकार फिरत असल्यामुळे कड्याचा व्यास फारसा हलत नाही. पण बुडाची सलग चकती एका दिशेनं रुंदावते. ती कड्याला घट्ट चिकटवली, तर एखाद्या पावसाळ्यात दोहोंपैकी एक जण तडकतो. म्हणून दादानं चकती खाचेत सैल बसवली आहे, तिला हलायला जागा ठेवली आहे. मिनेसोटातल्या तापवलेल्या कोरड्या घरात तयार झालेला हा वाडगा वडोद्याच्या जुलै महिन्यात कसा वागेल, याचा विचार त्यानं तिथे बसून केला होता. पावसाळ्यात काठावरून बोट फिरवलं तर सांधे हाताला लागतात, उन्हाळ्यात लागत नाहीत.

आता वापराच्या बाजूनं जे म्हणता येतं ते आधी म्हणते. कोणी म्हणेल, पाहणं हाही वापरच आहे, कपाटातल्या वाडग्यानं डोळ्यांना आनंद दिला की त्याचं काम झालं. पण वाडगा हातात घेतला की हे पटत नाही. त्याचा काठ जिथे बोटं येतील तिथे गोलवला आहे. आतली बाजू बाहेरच्या बाजूइतकीच घासलेली आहे, आणि कपाटात ठेवलेल्या भांड्याची आतली बाजू कोणाला दिसत नाही. बुडाखाली किंचित खोल भाग काढला आहे, म्हणजे वाडगा टेबलावर डुगडुगणार नाही. यातली बरीचशी मेहनत डोळ्यांसाठी केलेली नाही. ती हाताशी बोलते. जो हातच लावणार नाही त्याच्यापर्यंत ती पोचणार नाही, आणि घडवणाऱ्याचे तेवढे तास कोणी न वाचलेल्या पानांसारखे राहतील.

शिवाय न वापरल्यानं वस्तू टिकते हेही अर्धंच खरं. ज्यांनी आजीची ट्रंक उघडली आहे त्यांनी हे पाहिलं असेल. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली जरीची साडी नेमकी घडीवर विरते. अंगावर घालून फाटली असती तर तिला काही आठवणी तरी असत्या. तिचं आयुष्य मात्र घडी मोडायची वाट पाहण्यात गेलं.

झिजण्याबद्दल आपल्या भाषेचं मत तर फारच स्पष्ट आहे. चंदनासारखं झिजणं हा मराठीत माणसाचा गौरव आहे. सहाणेवर उगाळलं न गेलेलं खोड शाबूत असतं, आणि त्याची कोणी स्तुती करत नाही. बिबळ्याच्या लाकडाचा पेला मला या संदर्भात नेहमी आठवतो. बिबळा म्हणजेच विजयसार. त्याचा कातलेला पेला बाजारात मिळतो. मधुमेहावर गुण येतो या समजुतीनं लोक त्यात रात्री पाणी ठेवतात आणि सकाळी पितात. पाण्याला तांबूस रंग येतो, उजेडात धरलं तर निळसर झाक दिसते. काही काळानं रंग यायचा थांबतो, मग पेला बदलायचा. औषधाचं खरंखोटं वैद्यांनी पाहावं. मला त्यातली वस्तूची कल्पना थक्क करते : हा पेला वापरायचा याचा अर्थच तो थोडा थोडा पिऊन टाकायचा.

आनंद कुमारस्वामींनी हीच बाजू आयुष्यभर मांडली. ललित कला वेगळी आणि उपयोगाची कला वेगळी ही फाळणी आधुनिक काळातली आहे, जुन्या समाजांत चांगली केलेली प्रत्येक वस्तू कशासाठी तरी केलेली असे, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘व्हाय एक्झिबिट वर्क्स ऑफ आर्ट?’ या 1943 सालच्या त्यांच्या पुस्तकाचं नावच कलावस्तू प्रदर्शनात मांडण्याला प्रश्न विचारतं. हा प्रश्न विचारणारा माणूस 1917 पासून 1947 साली मृत्यू येईपर्यंत बोस्टनच्या संग्रहालयात काम करत होता. जपानमध्ये यानागी सोएत्सु यांचंही असंच झालं. अनाम कारागिरांच्या रोजच्या भांड्यांतलं सौंदर्य त्यांनी लोकांना दाखवलं, 1925च्या सुमारास मित्रांबरोबर त्याला ‘मिंगेई’ असं नाव दिलं, वापरातून वस्तू सुंदर होत जाते असं सांगितलं, आणि 1936 साली तोक्योत त्या वस्तूंचं संग्रहालय उभं केलं. मी याला विसंगती म्हणणार नाही. जे वापरातून निघून चाललं आहे ते दाखवायचं, तर कुठेतरी ठेवावंच लागतं.

पण यानागींचा विचार मी दादाच्या वाडग्याला लावायला जाते, तेव्हा एक गोष्ट आडवी येते. यानागींना प्रिय असलेली भांडी स्वस्त होती, पुष्कळ होती आणि त्यांच्यावर कोणाचं नाव नव्हतं. एक फुटलं तर बाजारात दुसरं मिळत होतं. म्हणून तर ती हात न थरथरता वापरता येत होती. दादाचा वाडगा एकुलता एक आहे, त्याच्या बुडाशी सही आणि साल आहे, आणि त्यात एका माणसाच्या हिवाळ्यातले कितीतरी दिवस आहेत. तो वापरताना हात जपून चालतो. वापरातलं सौंदर्य भोगायला सुंदर वस्तू लागते हे खरं, पण त्याहून आधी निर्धास्त हात लागतो. सगळ्यांचे हात सारखे निर्धास्त नसतात.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. वाडगा वापरायचाच असं ठरवून मी त्यात फळं, शेंगदाणे, कधी कोशिंबीर ठेवू लागले. पहिल्याच आठवड्यात घरी कामाला येणाऱ्या बेननी तो घासायच्या ढिगातून उचलून ओट्याच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, “ए तो तमे ज धोजो, बेन.” हा तुम्हीच धुवा. मी म्हटलं, साधा लाकडी वाडगा तर आहे, फक्त भिजत ठेवायचा नाही, पुसून घ्यायचा. त्यांनी मान हलवली आणि कढई घासायला घेतली. नंतर बोलता बोलता कळलं. पूर्वी एका घरी त्यांच्या हातून काचेचा एक मोठा वाडगा निसटला होता. त्याचे पैसे दोन महिने पगारातून कापले गेले. किती, ते त्यांनी आकड्यात सांगितलं. त्या रकमेत आमच्याकडे पोळपाट-लाटण्यापासून सगळी भांडी नव्यानं आली असती.

तोवर माझ्या मनात या प्रश्नाचे तीनच पक्ष होते : घडवणारा, वस्तू आणि मालक. चौथा पक्ष रोज सकाळी साडेनऊला माझ्या स्वयंपाकघरात येत होता. ‘वापरायची की ठेवायची’ हा वाद आपण असा घालतो, जणू वस्तू जेवणाच्या टेबलावरून आपोआप फडताळात जाते. मधे कोणीतरी ती धुतं. मिनेसोटात दादाचा वाडगा दादाच धुतो. त्याच्या देशात घरगुती कलावस्तूंबद्दल जे लिहिलं जातं, त्यात वापरणारा आणि धुणारा बहुतेक वेळा एकच असतो, म्हणून तिथे वापर हा माणूस आणि वस्तू यांच्यातला मामला राहतो. आपल्या मध्यमवर्गीय घरात तसं नाही. इथे सुंदर वस्तू रोज वापरण्याचा आनंद एकाचा आणि ती फुटण्याची भीती दुसऱ्याची, अशी वाटणी सहज होऊन बसते, आणि ती झाल्याचं आनंद घेणाऱ्याला कळतही नाही.

ठेवणीतल्या वस्तूचा एक अर्थ मला यातून नव्यानं कळला. आपल्या आज्या चिनीमातीच्या कपबश्या वर का ठेवत असत, याची मी नेहमी कंजूषपणा किंवा हौस यांपैकी एकात गणती करत आले होते. तिसरं कारणही असणार. ज्या घरात फुटलेल्या बशीचा जाब सुनेला किंवा मोलकरणीला द्यावा लागायचा, तिथे ती बशी फडताळाच्या वरच्या फळीवर असणं हे खालच्या माणसांच्याही सोयीचं होतं. ठेवणीत वस्तूबरोबर माणसंही जपली जात होती. मग कोणती बशी काढायची हे ठरवण्याचा हक्क एकटीकडेच का, याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

दादाला फोनवर हे सांगितलं, तर तो हसला. “अगं, तडकला तर तडकला. दोनशे तुकडे आधी जोडलेच आहेत, अजून दोन जोडीन.” हे औदार्य खरं आहे. जो करू शकतो त्याला मोडण्याची भीती सगळ्यांत कमी असते. मला वाटतं, घडवणाऱ्यानं वस्तूबरोबर द्यायला हवी अशी कोणती गोष्ट असेल, तर ती ही : मोडली तर काय करायचं याची माहिती, आणि मोडली तरी चालेल असा शब्द. सही आणि साल यांच्याबरोबर एवढं मिळालं, तर वस्तू खऱ्या अर्थानं वापरायची होते. पण दादाचा शब्द मला मिळाला, बेनना नाही. त्यांच्यापुरता शब्द देण्याचं काम माझं आहे.

म्हणून मी आता माझ्यापुरता असा नियम मानते की जी वस्तू मी स्वतः धुवायला तयार आहे तीच मी रोजच्या वापरात ठेवावी. हा नियम दिसतो तितका सोपा नाही. तो लावून घर पाहिलं, तर काही वस्तू कपाटात परत जातात आणि काही बाहेर येतात. किमतीचा आकडा तिथे फारसा उपयोगी पडत नाही. दुसऱ्याच्या हातून ही फुटली तर माझा चेहरा कसा होईल, एवढंच स्वतःला विचारायचं. चेहरा बदलणार असेल, तर ती वस्तू अजून माझी वापरातली झालेली नाही, मग ती ओट्यावर असो की ताटात.

यावर एक आक्षेप आहे, तो मी टाळत नाही. अशानं सुंदर वस्तू पुन्हा मालकाच्याच हातात राहतात. ज्यांना त्या फक्त धुवायला मिळत होत्या, त्यांच्याकडून तेवढा स्पर्शही काढून घेतला, असं कोणी म्हणू शकेल. संखेड्याच्या पाळण्याकडे पाहिलं की हा आक्षेप मला जास्त जाणवतो. ते कातकाम, ती लाख, ती नक्षी कोणत्याही बोस्टन-तोक्योच्या फळीवर शोभेल. पण तो पाळणा पोराला निजवायला केलेला असतो, शेजारीण झोका देते, थोरली बहीण त्याला लोंबकळते, रंग उडतो, आणि कोणाच्या पगारातून काही कापलं जात नाही. तिथे वस्तू सुंदर आहे आणि हात निर्धास्त आहेत. दादाच्या वाडग्याला तसं वातावरण माझ्या घरात मिळायला हवं, आणि ते निव्वळ नियमानं मिळणार नाही.

बेनना मी सांगितलं आहे की या घरात फुटलेल्या कोणत्याही भांड्याचे पैसे कापले जाणार नाहीत, या वाडग्याचेही नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं. असं बोलणं त्यांनी आणखीही घरांत ऐकलं असणार. आता त्या वाडगा ओट्यावरून उचलतात, त्यातली शेंगदाण्याची सालं झटकतात, कधी काठावरून अंगठा फिरवून सांधा चाचपतात. एकदा त्यांनी विचारलं, “आमां केटला कटका छे?” यात तुकडे किती? मी म्हटलं, दोनशे. “अने एके दोरो नथी,” त्या म्हणाल्या. त्या फावल्या वेळात गोधड्या शिवतात. मग वाडगा कोपऱ्यात कोरडा ठेवून त्या बाकीची भांडी घासतात, आणि त्या गेल्यावर मी तो धुते.